कुमुदिनीची दोन तऱ्हेची फुलं: खरा प्रकारभेद की फुलाचं वय? कसं तपासायचं?

सडावाला

रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पाऊस ओसरत आला की कातळातल्या तळ्यांत कुमुदिनी फुलते. पांढरं फूल, पाकळ्यांवर दाट लव, मध्ये पिवळा ठिपका. जवळून पाहिलं तर एकाच तळ्यात फुलांच्या दोन तऱ्हा दिसतात. एकीत कुक्षी वर डोकावते आणि परागकोश खाली असतात. दुसरीत परागकोश वर आणि कुक्षी खाली दडलेली. शेजारच्या तळ्यात मात्र सगळी फुलं एकाच तऱ्हेची.

हा जातीतलाच खरा प्रकारभेद आहे, की फूल उमलल्यापासून मिटेपर्यंत आतले भाग सरकतात म्हणून तसं दिसतं? खरा असेल तर पदवीच्या वर्गाला झेपेल अशी नोंदणी कशी आखावी? किती फुलं घ्यायची, काय मोजायचं, कशाने मोजायचं? आणि कोकणात अशा अभ्यासाला सोप्या आणखी कोणत्या वनस्पती आहेत? ज्यांनी मोजमापं केली आहेत त्यांनी कृपया तपशिलात लिहावं.

रानजाई

कुमुदिनीत हा भेद खरा आहे. याला हेटेरोस्टायली म्हणतात. काही झाडांना फक्त उंच कुक्षीची फुलं येतात, काहींना फक्त ठेंगण्या कुक्षीची. झाड जन्मभर आपली तऱ्हा बदलत नाही. उंच कुक्षी ज्या पातळीला असते, साधारण त्याच पातळीला दुसऱ्या तऱ्हेतले परागकोश असतात. त्यामुळे कीटकाच्या अंगावर पराग जिथे चिकटतात, तिथेच पुढच्या फुलात समोरच्या तऱ्हेची कुक्षी टेकते. डार्विनने १८६२ मध्ये प्रिम्युला या फुलझाडावर हे मांडलं आणि १८७७ मध्ये एकाच जातीतल्या फुलांच्या तऱ्हांवर अख्खं पुस्तक काढलं.

पण मोजायला बसण्याआधी जात पक्की करा. कोकणातल्या तळ्यांत याच वंशाच्या एकाहून जास्त जाती असतात. निम्फॉइडिस इंडिका म्हणजे आपली कुमुदिनी: पाकळीच्या सगळ्या वरच्या अंगावर लव. निम्फॉइडिस क्रिस्टाटाचं फूल लहान, पाकळीवर लव नाही, मधल्या शिरेवर उभा पातळ पडदा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. पानं पाण्यावर एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणून पानावरून ठरवू नका. दोन जातींची मापं एका तक्त्यात गेली तर आकडे दोन गटांत पडतात आणि तो प्रकारभेद वाटतो.

केना

वाचनखूण साठवली. चांगला विषय.

रानजाईंनी कुमुदिनीचं सांगितलं ते बरोबरच आहे, पण सडावाल्यांची वयाची शंका इतर बहुतेक झाडांना लागू पडते, त्यामुळे ती आधी निकालात काढायला हवी. एकच फूल दोन वयांत दोन तऱ्हेचं दिसतं, त्याची कोकणातली उदाहरणं:

तेरडा. उमलल्यावर पहिल्यांदा पाचही परागकोश एकमेकांना चिकटून कुक्षीवर टोपी घालून बसलेले असतात. पुढे ती टोपी गळते आणि खालची कुक्षी उघडी पडते. दोन फुलं शेजारी ठेवली तर एक नर आणि एक मादी वाटेल. आहे एकच फूल, फक्त वेगळ्या दिवशीचं.

भांडीर. वाडीच्या कडेला, गडग्यालगत असतो तो. ताज्या फुलात पुंकेसर सरळ पुढे आलेले आणि कुक्षीवृंत खाली वाकलेला. नंतर पुंकेसर गुंडाळून खाली जातात आणि कुक्षीवृंत वर येतो.

मधुमालती आणि घाणेरी. इथे रंग बदलतो. मधुमालती पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होते. घाणेरीत पिवळ्याची नारिंगी-लाल होते. रंगावरून तऱ्हा पाडली तर चूक होणारच.

तपासणी सोपी आहे. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या टपोऱ्या कळ्या निवडा, देठाला रंगीत दोरा बांधा आणि उमलल्यापासून कोमेजेपर्यंत ठरावीक अंतराने त्याच फुलाचा बाजूने फोटो घ्या. उंची वयाबरोबर बदलत असेल तर त्याच दोऱ्याच्या फोटोंत ते दिसतं. कुमुदिनीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं, म्हणून तिथे तासातासाने घ्या. दोरा सुती नको, भिजून गाठ सैल होते. लोकरीचा किंवा प्लास्टिकचा बारीक दोरा घ्या.

कलमबाग

रानफुलांचं झालं. आमच्याकडे हाच प्रश्न रोकड्या नुकसानीचा आहे. रातांब्याची (कोकमाची) बी लावून झाडं केली की साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळतं फुलं आल्यावर, म्हणजे पाच-सात वर्षं खतपाणी घातल्यावर. जायफळातही तेच. तेव्हा फुलांच्या तऱ्हा हा विषय फक्त वर्गासाठी नाही. रातांब्यावरही कोणीतरी लिहा.

रानजाई

@कलमबाग, रातांब्यात नर झाड आणि मादी झाड वेगळं, तो लिंगभेद झाला. हेटेरोस्टायलीत दोन्ही तऱ्हांची फुलं द्विलिंगी असतात, दोघांनाही फळ धरतं. हे दोन विषय वेगळे ठेवलेले बरे, नाहीतर धागा भरकटेल.

कलमबाग

वेगळे आहेत हे मान्य. पण सडावाल्यांनी एका जातीतल्या फुलांच्या तऱ्हा विचारल्या आहेत. डार्विनच्या ज्या पुस्तकाचा उल्लेख तुम्ही केलात, त्यातही नर-मादी वेगळी असलेली झाडं आणि न उमलणारी फुलं हे सगळं एकत्रच घेतलेलं आहे. शिवाय तुमची ती हेटेरोस्टायली कधी कधी हळूहळू नर-मादीकडे सरकते, म्हणजे उंच कुक्षीची फुलंच फळं धरतात आणि ठेंगणी फक्त पराग पुरवतात. मग सीमारेषा आखणार कुठे? दोन्ही पाहावं, प्रत्येक झाडावर काय चाललंय ते लिहावं.

भिरंड

कलमबाग यांना पाठिंबा. रातांब्याचं मी लिहितो. फुलं थंडीत येतात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

चार निदलं, चार जाडसर पाकळ्या, हे सगळ्यांत सारखं. नर फुलं फांदीच्या टोकाला आणि पानांच्या बगलेत झुपक्याने येतात, आत पुंकेसरांचा दाट गोळा असतो आणि अंडाशय नसतो किंवा नावापुरता असतो. मादी फूल एकटं किंवा दोन-तीन, देठ आखूड आणि जाड. मध्ये गोल अंडाशय, त्यावर देठाशिवाय बसलेली फाकांची कुक्षी. भोवती तुरळक पुंकेसर असतात आणि तिथेच लोक फसतात. पुंकेसर दिसले म्हणजे फूल द्विलिंगी असं लिहून मोकळे होतात. परागकोश काचपट्टीवर चिरडून पाहायला हवा. पराग नाहीत किंवा सगळे पोकळ आहेत तर ते फूल कामापुरतं मादीच. काही झाडांवर खरी द्विलिंगी फुलंही मिळतात, म्हणून झाडाच्या चारही अंगांची फुलं पाहावीत आणि पुढच्या हंगामात पुन्हा पाहावीत.

लागवडीसाठी: कलमंच लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती आहेत. हातीस मादी आहे, म्हणून बागेत थोडी नर झाडं ठेवावी लागतात, शेकडा पाच ते दहा पुरतात. कलमाची काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्यायची. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जन्मभर आडवंच पसरतं, झाडाचा शंकू होत नाही. नर झाड तोडून टाकण्याची घाई नको. वरून छाटून नव्या फुटीवर मादी झाडाची काडी बांधता येते, मूळ जुनं असल्यामुळे वाढ जोरात होते. फक्त एखादी फांदी नर राहू द्या.

खाडीकाठ

जायफळाचं पण सांगा, सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून बऱ्याच जणांनी लावलंय.

भिरंड

जायफळाच्या फुलाला पाकळ्या नसतात. बुडक्यासारखं फिकट पिवळं मेणचट फूल, तोंडाशी बहुधा तीन दात. उभं चिरलं की लगेच कळतं. नरात मधोमध पुंकेसरांचा एक जोडलेला खांब असतो, मादीत अंडाशय आणि वर दोन ओठांची कुक्षी. न चिरताही अंदाज येतो: नर फूल निमुळतं आणि घोसात जास्त, मादी बुडाशी फुगीर आणि एखाद-दुसरं. दहा मादी झाडांमागे एक नर पुरतं. दापोलीने कोकण संयुक्ता म्हणून जात काढली आहे, तिच्या एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात.

मोहोर

आंबा-काजू कसे विसरलात सगळे? या दोन्हींत एकाच मोहोरावर नर फुलं आणि द्विलिंगी फुलं असतात, म्हणजे वर्गाला झाडाझाडांत हिंडायलाही नको.

आंब्याचं फूल १० पट भिंगाखाली धरा. मध्ये मांसल चकती दिसते. द्विलिंगी फुलात त्या चकतीवर पिवळसर हिरवा मण्याएवढा अंडाशय असतो आणि कुक्षीवृंत त्याच्या बाजूने निघतो, टोकावरून नाही. नर फुलात चकती रिकामी. कामाचा पुंकेसर बहुधा एकच असतो, परागकोश गुलाबी-जांभळा. बाकीचे खुरटलेले.

मोजताना नेहमी होणारी गडबड अशी की लोक एकदाच जाऊन उमललेली फुलं मोजतात. मोहोराच्या बुडापासून शेंड्यापर्यंत द्विलिंगी फुलांचं प्रमाण सारखं नसतं, आणि नर फुलं लवकर गळतात. म्हणून मोहोर निवडून त्याला चिठ्ठी बांधा, रोज सकाळी नवी उमललेली फुलं मोजा आणि मोजलेली चिमट्याने काढून टाका. मोहोर संपेपर्यंत हे चालू ठेवायचं. एका मोहोरावर फुलं शेकड्यांपासून हजारांवर असतात, तेव्हा एका विद्यार्थ्याला दोन मोहोर पुरेत. झाडाच्या पूर्व-पश्चिम आणि वर-खाली अशा बाजू वाटून घ्या. मोजणीचे मोहोर फळासाठी गेले असं समजून बागवाल्याला आधी विचारा.

मोहोर वाढीला लागला असताना थंडी जास्त पडली तर द्विलिंगी फुलांचं प्रमाण घटतं. त्यामुळे एकाच झाडावरच्या पहिल्या आणि नंतरच्या मोहोरात फरक येतो. नोंदवहीत तारखेबरोबर किमान तापमान लिहा, नाहीतर दोन बागांची तुलना म्हणता म्हणता दोन आठवड्यांची तुलना होऊन बसते.

काजूत प्रत्येक फुलात एक पुंकेसर लांब आणि बाकीचे आखूड, नरात आणि द्विलिंगीतही. त्यामुळे पुंकेसर मोजून काही कळत नाही. कुक्षीवृंत बाहेर आलाय का आणि बुडाशी अंडाशय आहे का ते पाहायचं. ताजं फूल पांढरट, नंतर गुलाबी, केनाने वर म्हटलंय तसा तो वयाचा रंग. सुरुवातीला फक्त नर फुलं उमलतात, मध्ये मिश्र काळ असतो, शेवटी पुन्हा नर. मधल्या काळात गेलं तरच दोन्ही मिळतील. नर फुलं सकाळी लवकर उमलायला लागतात, द्विलिंगी जरा उशिरा, म्हणून सकाळी एकदा आणि अकराच्या सुमारास एकदा अशा दोन फेऱ्या हव्यात.

खाडीकाठ

फणसाच्या कुयऱ्या बोटाएवढ्या असतानाच काळ्या पडून गळतात. बुरशीचं औषध मारावं का?

मोहोर

@खाडीकाठ, आधी त्या कुयऱ्याच आहेत का ते बघा. फणसाला नर आणि मादी कणसं वेगवेगळी येतात, झाड एकच. नर कणसं बहुतेक बारीक फांद्यांवर, देठ बारीक, अंग गुळगुळीत. पिकली की वर पिवळी पराग-धूळ येते आणि मग बुरशी चढून काळी होऊन गळतात. ती गळायचीच असतात, औषध वाया जाईल. मादी कणीस खोडावर किंवा जाड फांदीवर, देठ जाड, देठाच्या टोकाला ठसठशीत कडं, आणि अंगावर कुक्ष्यांचे काटेरी ठिपके. हे काळं पडलं तर मात्र रोग. दोन्ही आडवी कापून बघा.

गणित_गुहागर

सडावाल्यांच्या मूळ प्रश्नातलं "किती फुलं" कोणी घेतलंच नाही.

प्रमाण काढताना फुलं मोजू नका, झाडं मोजा. एका झाडाला पन्नास फुलं असली तरी तऱ्हा एकच, म्हणून ती नोंद एकच. कुमुदिनीत पंचाईत अशी की तुटलेल्या तुकड्यांना मुळं फुटून नवं झाड होतं, त्यामुळे तळ्याचा अख्खा कोपरा एकाच झाडाचा असू शकतो. दोरी आडवी टाका आणि दर ३ मीटरला एकच फूल घ्या. छोट्या तळ्यात तसे दहा ठिपकेही मिळणार नाहीत, मग वेगवेगळी तळी घ्या आणि प्रत्येक तळ्याचा हिशोब स्वतंत्र ठेवा.

निम्मे-निम्मे आहे की नाही ते काय-वर्ग चाचणीने. समजा १०० झाडांत ६२ उंच आणि ३८ ठेंगणी. अपेक्षित ५० आणि ५०. फरक १२, त्याचा वर्ग १४४, भागिले ५० म्हणजे २.८८, दोन्ही बाजूंची बेरीज ५.७६. या चाचणीची सीमा ३.८४, बेरीज तिच्या वर गेली, म्हणून हे निम्मे-निम्मे नाही असं म्हणायला आधार आहे. आता २० झाडांत १२ आणि ८. फरक २, वर्ग ४, भागिले १०, दोन्ही मिळून ०.८. शेकडेवारी जवळपास तीच, पण काहीच सिद्ध होत नाही. म्हणून एका ठिकाणची किमान शंभर वेगळी झाडं धरून चला. शंभर मिळत नसतील तर प्रमाणाचा दावाच करू नका, मापांवर काम करा.

केना

निम्मे-निम्मेच का अपेक्षित, तेही विद्यार्थ्यांना सांगा. दोन तऱ्हांच्या बहुतेक जातींत ठेंगण्या कुक्षीच्या झाडाकडे तऱ्हा ठरवणाऱ्या जनुकाची एकच प्रत असते, उंच कुक्षीच्याकडे एकही नाही. संकर फक्त विरुद्ध तऱ्हांतच होत असेल तर पिल्लांत निम्मी-निम्मी येणार. प्रिम्युलात २०१६ मध्ये दिसलं की हा जनुकांचा गट ठेंगण्यांच्या एकाच गुणसूत्रावर असतो आणि जोडीच्या गुणसूत्रावर त्याला जोडच नसते.

मास्तर_मालवण

मोजमापाबद्दल. डिजिटल व्हर्निअर ०.०१ मिलिमीटर दाखवतो, पण मऊ फुलावर तेवढी खात्री नसते. तेच फूल तिघांना मोजायला द्या, आकडे दशांश मिलिमीटरने सरकतात. तक्त्यात ०.१ पर्यंतच लिहा.

फूल बुडापासून उभं चिरून आलेख-कागदावर पसरा. पुंकेसर पाकळ्यांच्या नळीला चिकटलेले असतात, म्हणून चिरतानाच पाहा की ते मूळ जागेवरच आहेत. तीन मापं: बुडापासून कुक्षीच्या टोकापर्यंत, बुडापासून परागकोशाच्या मध्यापर्यंत, आणि नळीची लांबी. तिसरं माप गाळू नका, कारण मोठ्या फुलात सगळंच मोठं असतं. एका झाडाची दोन फुलं, दोन्ही पहिल्या दिवशीची. घरी नेऊन मोजायचं असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, पण ताजी आणि ठेवलेली फुलं एका तक्त्यात मिसळू नका, अल्कोहोलमध्ये फूल आक्रसतं. मोजणाऱ्याला तऱ्हा आधी सांगू नका. बाटलीवर फक्त क्रमांक, तऱ्हेची वही दुसऱ्याकडे.

मग कुक्षीची उंची आडव्या अक्षावर आणि परागकोशाची उभ्या अक्षावर मांडा. खरा भेद असेल तर ठिपक्यांचे दोन वेगळे ढग पडतात, मधली जागा रिकामी राहते. एकच लांबट ढग पडला तर तो नुसता कमी-जास्तपणा, तऱ्हा नाहीत.

परागही पाहा. काचपट्टीवर परागकोश टोचा, ॲसिटोकार्मिन या लाल रंगद्रव्याचा थेंब, दहा मिनिटं थांबा. लाल भरलेले पराग चांगले, फिके सुरकुतलेले वांझ. दोनशे मोजा. पुष्कळ हेटेरोस्टायलस जातींत ठेंगण्या कुक्षीच्या फुलाचे पराग आकाराने मोठे असतात. ते मापायचं तर दोन्ही तऱ्हांना एकच द्रावण आणि सारखाच वेळ द्या, कारण पराग पाणी पिऊन फुगतात.

रानजाई

मास्तर, ढगांची पद्धत उत्तम, पण दोन ढग पडले की हेटेरोस्टायली सिद्ध झाली असं विद्यार्थी लिहितील. कुसर घ्या, ती रानमोगऱ्यासारखी पांढरी वेल, उन्हाळ्यात घाटापासून कोकणापर्यंत फुलते. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या अभ्यासात तिच्यात दोन तऱ्हा जवळपास समसमान आढळल्या. कुक्षीची उंची दोन तऱ्हांत स्पष्ट वेगळी आहे, पण समोरच्या तऱ्हेच्या परागकोशांशी ती नीट जुळत नाही. म्हणून तिथे फक्त कुक्षीच्या उंचीचे दोन प्रकार म्हणायचं. तेव्हा एका तऱ्हेची कुक्षी आणि दुसरीचे परागकोश यांच्या सरासरीतला फरकही काढा, दोन्ही बाजूंनी.

आणखी झाडं: भुतकेस, ज्याच्या नारिंगी फुलाशेजारी एक निदल पांढऱ्या पानासारखं पसरतं. त्यात दोन तऱ्हा आहेत आणि फुलपाखरं येतात. परसातलं कमरख, त्यातही दोन तऱ्हा. एकच तऱ्हेचं झाड लांब एकटं असेल तर फळ कमी धरतं, हे बागायतदारांनाही उपयोगी. झरेर, ते हात लावल्यावर पानं मिटणारं बुटकं रोप, त्यात तीन उंचीच्या तऱ्हा आहेत, पण फूल इतकं बारीक की भिंगाशिवाय हात घालू नका.

खाडीकाठ

तीन म्हणजे जलपर्णीसारखंच ना? आमच्या तळीत तीच माजलीय.

रानजाई

हो, जलपर्णी मूळ दक्षिण अमेरिकेत तीन तऱ्हांची आहे. बाहेर जिथे जिथे पसरली तिथे बहुतेक मधल्या उंचीची तऱ्हाच सापडते, कारण ती धुमाऱ्यांनी वाढते. प्रमाण काढायला निरुपयोगी, पण उंची मोजायचा हात बसवायला फार चांगली. फूल मोठं, सहा पुंकेसर, तीन एका पातळीला आणि तीन दुसऱ्या. शिवाय कितीही तोडली तरी कोणी अडवणार नाही.

केना

कलमबाग यांनी न उमलणाऱ्या फुलांचा उल्लेख केला म्हणून माझ्या नावाच्या झाडाबद्दल. केन्याला वर निळी फुलं येतात, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतात. त्याच झाडाला जमिनीखाली पांढऱ्या फुटव्यांवर कधीच न उमलणारी फुलं येतात आणि आतल्या आत बी धरतं. पाहायचं तर झाड उपटू नका, खालचे फुटवे तुटून मातीत राहतात. वीतभर मातीचा गड्डा काढा आणि बादलीतल्या पाण्यात सोडवा. वरच्या बोंडात एक मोठी आणि चार लहान बिया, खालच्यात एक मोठी आणि दोन लहान. मोठ्या लवकर रुजतात, लहान मातीत पडून राहतात. भातखाचराच्या बांधावर बेणणी करूनही केना परत येतो त्याचं एक कारण हे.

कलमबाग

हे बेणणीचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

सडावाला

सर्वांचे आभार. दोऱ्याची पद्धत, दोरीवरची ३ मीटरची मोजणी आणि ढगांचा आलेख हे घेतो. एक राहिलं. ज्या तळ्यात एकच तऱ्हा आहे तिथे बी धरतं की नाही ते कसं तपासायचं? आणि दोन तऱ्हांच्या तळ्यात हाताने परागण करायचं तर पाण्यात पिशवी कशी बांधायची?

मास्तर_मालवण

प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरून फूल कुजतं. बटर पेपर पहिल्याच सरीला लोळागोळा होतो. बारीक जाळीच्या ऑर्गंझा कापडाची पिशवी घ्या आणि तारेच्या कड्यावर ताणून बसवा, म्हणजे कापड कुक्षीला टेकणार नाही. कडं बांबूच्या काठीला बांधून काठी चिखलात रोवा. काठीच्या वरच्या टोकाला सुतळी सैल ठेवा, पाऊस पडला की पाणी चढतं आणि पिशवी बुडते.

कळी आदल्या संध्याकाळीच झाका. सकाळी ज्या फुलावर पराग घालायचे त्याचा पाकळ्यांचा पुंज अलगद ओढून काढा, पुंकेसर त्याला चिकटलेलेच असल्यामुळे सगळे एकदम निघतात. मग दुसऱ्या फुलाचा पुंकेसर चिमट्यात धरून परागकोश कुक्षीवर घासा. पाच गट हवेत: झाकून काहीच न केलेलं, स्वतःचेच पराग, त्याच तऱ्हेच्या दुसऱ्या झाडाचे, विरुद्ध तऱ्हेचे, आणि उघडं ठेवलेलं. प्रत्येक गटात वीस फुलं, निदान पाच वेगळ्या झाडांवर वाटलेली. प्रत्येक गटाआधी चिमटा अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवा.

गणित_गुहागर

गटांत फळांचं प्रमाण आणि दर फळातल्या बिया, दोन्ही वेगळे लिहा. एखादं फळ धरतं पण आत दोनच बिया असतात, ते फळ पूर्ण धरलं म्हणून मोजलं तर फरक दिसेनासा होतो.

रानजाई

एकाच तऱ्हेच्या तळ्याचं. फूल मिटल्यावर कुमुदिनीचा देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली पिकतं, म्हणून वरून पाहून "फळ नाही" असं लिहू नका. पानाच्या देठापाशी, जिथून फुलांचा झुपका निघतो, तिथे बोटांनी चाचपडत खाली जा. फुगलेली बोंडं लागतील. रिकामी बोंडं दाबली की चपटी होतात, भरलेली कडक लागतात. पिकायच्या आत, बोंड अजून बंद असताना काढा, कारण फुटल्यावर बिया तरंगून दूर जातात. दोन्ही प्रकारच्या तळ्यांतून सारख्याच वयाची बोंडं घ्या, म्हणजे फूल मिटल्या दिवशीच दोरा बांधलेली.

ब्राझीलमधल्या याच जातीच्या अभ्यासात एकाच तऱ्हेत केलेल्या संकराला बी फारच कमी धरलं होतं. तुमच्या एका तऱ्हेच्या तळ्यात बोंडं रिकामी निघाली तर ते तळं तुकड्यांवर जगतंय. भरलेली निघाली तर जास्त मजा, मग तिथल्या फुलांची कुक्षी आणि परागकोश एकाच पातळीला आहेत का ते पहिल्यांदा मोजा, आणि पिशवीतल्या न हाताळलेल्या फुलांचे आकडे इथे टाका.

भिरंड

सडा खासगी असतो, मालकाला विचारून उतरा. शेवाळावर पाय ठरत नाही, तळ्यात एकट्याने जाऊ नका.